राशनच्या अंगठा मशीनले दर माणसामागं सॅनिटायझर कायले?

कपाशीवाला:
आमच्या गावात सर्दी-खोकल्याची साथ आली का राशनवाला दर माणसामागं मशीनची काच सॅनिटायझरनं पुसते. ओली काच अंगठा घेत नाई, अन् निंदण करून बोटं घासलेल्या बायायचा तर कोरडाही घेत नाई, मंग तीन-तीन डाव दाबा, मागं लाईन वाढूनच राह्यली. माह्या मते हे सारं २०२० चं भूत आहे. तवा पेपरात आलं का कोरोना प्लास्टिकवर ३ दिवस अन् स्टीलवर २ दिवस जगते, तेच लोकायच्या डोक्यात बसलं. ज्या प्रयोगातून हे आलं त्यात खोली २१ ते २३ डिग्रीची होती, अन् दर ६-७ तासाले विषाणू अर्धा होत होता, हे कोणी वाचलं? आपल्याकडं मे मध्ये पारा ४५ वर जाते.

पुसदची ताई:
भाऊ, साथ काय मे मध्ये येते का? पावसाळ्यात अन् थंडीत येते. ऑस्ट्रेलियावाल्यांनी त्याच वर्षी काचेवर २० डिग्रीत ठेवून पाहिला तर २८ दिवसांनी पण जिवंत सापडला. डिसेंबरात राशनच्या खोलीत काय ४५ असते?

कपाशीवाला:
ताई, अंधारात ठेवला होता तो, उन्हाचा किरण लागू न देता. अन् त्यायनंच ४० डिग्रीवर पाह्यलं तर दोन दिवसाच्या पुढं टिकला नाई तो.

चौकातला पोट्टा:
राजेहो, कायचा हिशोब करून राह्यले तुम्ही? २८ दिवस असो का ४ तास, मशीनवर दुसरा अंगठा अर्ध्या मिनटात पडते. तेवढ्यात कोणताच विषाणू मरत नाई, मे असो का डिसेंबर.

मेडिकलवाला:
हे बरोबर बोलला. पण अंगठ्यावर आला म्हणजे नाकात गेला असं नाही. फ्लूवर १९८२ चा प्रयोग आहे, स्टील-प्लास्टिकवर एक-दोन दिवस टिकला, पण हातावर आल्यावर ५ मिनिटंच. आता त्या ५ मिनिटांत आपला माणूस काय करतो ते पहा: अंगठा दिला, थैली खांद्यावर मारली, बाहेर येऊन तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी सोडली अन् त्याच बोटांनी चिमूट तोंडात. वरून थुंकी लावून नोटा मोजणार.

पुसदची ताई:
मग मी वेगळं काय सांगून राहिली? पुसू द्या ना मशीन!

कपाशीवाला:
मंग खर्रा सोडा म्हना, मशीनवर कायचा राग? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२१ मध्येच सांगतलं का कोरोना असलेल्या जागेले एक डाव हात लागला तर लागण व्हायचा धोका १० हजारात १ पेक्षाही कमी. इकडं लाईनीत मागचा बुढा मानेवर खोकलते, शटर अर्धं खाली, खिडकी पोत्यायनं झाकलेली, अन् आपण काच पुसून राह्यलो.

पुसदची ताई:
तो आकडा कोरोनाचा आहे, सगळ्यांना लावू नका. लहान लेकरांना छातीत भरवणारा आरएसव्ही कडक जागेवर कित्येक तास राहतो अन् हातावाटे डोळ्या-नाकात जातो. लेकरू कडेवर घेऊनच बाया येतात राशनले. खिडकी उघडा, मी कुठं नाही म्हटलं.

मेडिकलवाला:
ताई, एक अडचण आहे. साध्या सर्दीच्या रायनोव्हायरसवर चरबीचं आवरणच नसते, त्यामुळं सॅनिटायझरले तो तेवढा दबत नाही. साबणानं हात चोळले तर धुवून तरी जातो. मशीन राहू द्या, बाहेर बादली अन् साबण ठेवा.

चौकातला पोट्टा:
आमच्याकडं ठेवला होता ना. पहिल्या दिवशी साबण गेला, दुसऱ्या दिवशी मग्गा, आता बादली राशनवाला घरी नेऊन राह्यला.