वृश्चिक राशीची मुलगी खरोखर ‘डूख धरणारी’ असते का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

माझ्या मुलीच्या विवाहाची बोलणी गेली दोन वर्षे चालू आहेत. गेल्या महिन्यात एका चांगल्या स्थळाकडून पत्रिका परत आली. छत्तीसपैकी चोवीस गुण जुळत होते आणि शिक्षण, वय, घराणे यांपैकी कशालाही कोणाची हरकत नव्हती. परंतु मुलाच्या आत्याबाईंनी फोनवर मला स्पष्ट सांगितले की, मुलीची रास वृश्चिक आहे, ही माणसे मनात धरून ठेवतात, वेळ आली की नांगी मारतात, आणि आमच्या एकत्र कुटुंबात ते झेपणार नाही. नक्षत्र ज्येष्ठा असल्यामुळे थोरल्या दिराला ते चांगले नाही, हेही त्यांनी जाता जाता ऐकवले.

मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही, कारण मनातून मला त्यांचे म्हणणे अर्धवट पटले होते. माझी मुलगी मितभाषी आहे. हाती घेतलेले काम ती सोडत नाही. सहावीत असताना तिच्या जिवलग मैत्रिणीने तिची एक गोष्ट वर्गात सर्वांना सांगितली, तेव्हापासून दहावी होईपर्यंत ती त्या मुलीशी एक शब्दही बोलली नाही. आमच्या घरात हा प्रसंग ‘वृश्चिकेचा नमुना’ म्हणून आजही सांगितला जातो.

दुसरीकडे, तिच्या कार्यालयातील मैत्रिणी तिची रास मिथुन आहे असे सांगतात आणि मिथुनेची माणसे बोलकी व चंचल असतात म्हणून तिला चिडवतात. तिचा जन्म जूनच्या मध्यात, ज्येष्ठ पौर्णिमेच्या सकाळी आठच्या सुमारास झाला. या दोन राशींपैकी खरी कोणती, वृश्चिकेच्या स्वभावाची ही वर्णने मुळात आली कोठून, आणि एखाद्या मुलीला ओळखण्यापूर्वी तिच्याविषयीचे मत त्यांवरून ठरवणे कितपत योग्य आहे, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

पंचांगवाचक

ताई, मी सुमारे तीस वर्षे पत्रिका पाहतो आणि या शास्त्रावर माझी श्रद्धा आहे. म्हणूनच आपल्याला त्याच्या नावाखाली जे ऐकावे लागले त्याचे मला अधिक वाईट वाटते.

आधी दोन राशींचा उलगडा करतो. आपल्याकडे रास म्हणजे जन्मवेळी चंद्र ज्या राशीत असतो ती, आणि चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस राहतो. पाश्चात्त्य पद्धतीत सूर्याची रास पाहतात, शिवाय ती सायन गणनेने, म्हणजे वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाच्या सूर्याच्या स्थानापासून) मोजतात. आपली निरयन गणना तारकांशी बांधलेली असल्यामुळे दोन्हींत आज सुमारे २४ अंशांचा फरक पडला आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. ज्येष्ठातील पौर्णिमेला तो ज्येष्ठा नक्षत्राच्या परिसरात येतो, आणि महिन्याला ज्येष्ठ हे नाव त्यावरूनच पडले आहे. त्यामुळे आपली मुलगी एका पद्धतीने मिथुन आणि दुसऱ्या पद्धतीने वृश्चिक ठरते, यात चूक कोणाचीही नाही. दोन्ही वर्णने मात्र एकाच मुलीची म्हणून सांगितली जातात, आणि ती एकमेकांना छेद देतात.

आता स्वभावाकडे वळू. वृश्चिक ही आठवी रास. तिचा स्वामी मंगळ, तत्त्व जल आणि स्वरूप स्थिर. मनाचा कारक जो चंद्र, तो या राशीत नीच, म्हणजे सर्वांत दुर्बळ, मानला आहे. जल म्हणजे भावना, स्थिर म्हणजे न हलणारी आणि मंगळ म्हणजे धग, अशी जोडणी करत गेले की ‘आत धुमसत राहणारा माणूस’ हे चित्र आपोआप तयार होते. त्यातच राशीचे चिन्ह विंचू असल्यामुळे नांगी, विष आणि डूख हे सारे शब्द त्या प्राण्याकडून माणसाकडे सरकले.

जुन्या ग्रंथात काय आहे तेही पाहावे. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिर यांच्या बृहज्जातक या ग्रंथात चंद्र वृश्चिकेत असता मिळणाऱ्या फळांचा एक श्लोक आहे. विशाल डोळे, रुंद छाती, बालपणी आजारपण, वडील आणि गुरू यांचा वियोग, राजकुळात मानसन्मान, क्रूर कृती आणि झाकलेले पाप अशी ती यादी आहे. वर्षानुवर्षे डूख धरण्याचा उल्लेख त्या श्लोकात नाही. लोकांनी राजकुळातील मान विसरून क्रूरतेवर आणि झाकलेल्या पापावर पुढचा सारा डोलारा उभा केला, असे मला वाटते. त्याच ग्रंथात या राशीला ‘कौर्प्य’ असेही नाव दिले आहे आणि तो ग्रीक भाषेतील विंचवाच्या नावाचाच अपभ्रंश आहे. त्याहून जुन्या वेदांग ज्योतिष या ग्रंथात नक्षत्रे आहेत, बारा राशी नाहीत. म्हणजे ज्या विंचवाच्या आधारावर आज पत्रिका परत केली गेली, तो आपल्याकडे बराच उशिरा आणि बाहेरून आला.

गुणमेलनाचे कोष्टकच घेतले तरी वृश्चिकेचा एकच स्वभाव निघत नाही. या राशीत विशाखाचा शेवटचा चरण (चौथा भाग), संपूर्ण अनुराधा आणि संपूर्ण ज्येष्ठा येते. त्यांपैकी अनुराधेचा गण, म्हणजे स्वभावाचा वर्ग, देव आणि ज्येष्ठेचा राक्षस. योनी, म्हणजे नक्षत्राला जोडलेला प्राणी, पाहिली तर अनुराधा आणि ज्येष्ठा या दोन्ही नक्षत्रांची योनी मृग, म्हणजे हरिण, सांगितली आहे. ज्या कोष्टकावरून आत्याबाईंनी चोवीस गुण मोजले, त्याच कोष्टकात आपल्या मुलीच्या नावापुढे हरिण लिहिलेले आहे.

थोरल्या दिराची भीती तर मला नक्षत्राच्या नावातून उपजलेली दिसते, कारण ज्येष्ठा या शब्दाचा अर्थच थोरली असा आहे. कोणी आपल्याला असेही सुचवील की टिळक पंचांगाप्रमाणे पत्रिका करून घ्या. ते पंचांग रैवत पक्षाचे, म्हणजे राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातील ताऱ्यावरून ठरवणारे आहे, त्याचे अयनांश (सायन आणि निरयन गणनांतील फरक) चित्रा ताऱ्यावरून आरंभ ठरवणाऱ्या प्रचलित चित्रा पक्षाच्या अयनांशांपेक्षा सुमारे ४ अंशांनी कमी आहेत, आणि चंद्र जर ज्येष्ठेच्या चौथ्या चरणात असेल तर त्या गणनेने तो पुढे सरकून धनु राशीत, मूळ नक्षत्रात जातो. मग विंचू सुटतो, परंतु मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला वाईट असा आक्षेप उभा राहतो. एकाच मुलीच्या जन्माने एका पंचांगाप्रमाणे दीर आणि दुसऱ्याप्रमाणे सासरा संकटात येतो, हे मला कधीही पटले नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या कोणालाही मी असे सांगत नाही. लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास), लग्नेश (त्या राशीचा स्वामी) आणि चंद्रावरील इतर ग्रहांची दृष्टी न पाहता केवळ राशीवरून स्वभाव सांगणे हे आमच्या शास्त्रालाही मान्य नाही.

मनोवेध

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. वरील उत्तर मनापासून आवडले, तरी मला एका वेगळ्या प्रश्नाकडे लक्ष वेधायचे आहे. वर्णन जुळल्यासारखे का वाटते?

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. ते किती जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितल्यावर सरासरी ४.२६ निघाली. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिलेला होता आणि त्यातील वाक्ये प्रामुख्याने बाजारातील एका ज्योतिषविषयक पुस्तकातून उचललेली होती. ‘आपण बाहेरून शांत दिसता, परंतु आत खूप काही चालू असते’ अशा धर्तीचे वाक्य बाराही राशींच्या माणसांना आपलेच वाटते.

१९८५ मध्ये शॉन कार्लसन यांचा एक प्रयोग ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ज्योतिषांना एक पत्रिका आणि तीन व्यक्तींचे स्वभाव-अहवाल दिले होते व त्या पत्रिकेचा अहवाल कोणता हे ओळखायचे होते. त्यांची योग्य उत्तरे साधारण तीनांत एक एवढीच आली, म्हणजे डोळे मिटून निवडले असते तरी तेवढीच आली असती. तो प्रयोग पाश्चात्त्य पत्रिकांवर होता. आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये महाराष्ट्रातील ज्योतिषांची चाचणी घेतली. तिचा विषय स्वभाव नसून मुलांची बुद्धिमत्ता हा होता, आणि तेथेही २७ ज्योतिषांचे सरासरी यश सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीच्या आसपासच राहिले.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हान्स आयझेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७८ मधील अभ्यास. दोन हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत त्यांना पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम राशींची माणसे थोडी अधिक बहिर्मुख आणि सम राशींची थोडी अधिक अंतर्मुख आढळली. ज्योतिष याच क्रमाने सांगते, आणि वृश्चिक आठवी असल्यामुळे अंतर्मुखांत पडते. निष्कर्ष ज्योतिषाच्या बाजूचा दिसत होता. तथापि पुढील अभ्यासांत असे दिसले की ज्यांना आपल्या राशीचे वर्णन माहीत होते त्यांच्यातच हा फरक होता, आणि ज्यांना ते माहीत नव्हते त्यांच्यात तो नाहीसा झाला. आपण कसे आहोत असे विचारल्यावर माणसे ऐकलेल्या वर्णनाच्या दिशेने थोडी झुकून उत्तर देतात.

आपल्या मुलीने ‘वृश्चिकेची माणसे विसरत नाहीत’ हे वाक्य प्रथम कधी ऐकले असेल? सहावीतील त्या प्रसंगापूर्वी, की नंतर? अकरा-बारा वर्षांच्या मुलीचे गुपित वर्गात फोडले गेले आणि तिने त्या मैत्रिणीशी बोलणे सोडले, यात मला विंचू दिसत नाही. दुखावलेली मुलगी दिसते. कर्केच्या किंवा तुळेच्या मुलीने असेच केले असते तर आपण त्याला काय म्हटले असते, याचा विचार अवश्य करावा.

मृगव्याध

मी हौशी आकाशनिरीक्षक आहे, त्यामुळे माझे उत्तर थोडक्यात देतो. सूर्य प्रत्यक्ष आकाशातील वृश्चिक तारकासमूहात वर्षातून जेमतेम एक आठवडा असतो. नोव्हेंबरअखेर तो शेजारच्या भुजंगधारी (ऑफियुकस) या तारकासमूहात शिरतो आणि तेथे सुमारे अठरा दिवस राहतो. तारकासमूहांच्या आधुनिक सीमा १९३० मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि त्यांचा ३० अंशांच्या समान राशींशी मेळ बसत नाही. ज्येष्ठेचा मुख्य तारा सुमारे साडेपाचशे प्रकाशवर्षे दूर असलेला एक महाकाय लाल तारा आहे. लालीमुळे तो मंगळासारखा दिसतो, म्हणून ग्रीकांनी त्याला मंगळाचा प्रतिस्पर्धी असे नाव दिले. राशीच्या वाट्याला मंगळाचा तापटपणा येण्यात या रंगाचाही हात असावा असा माझा तर्क आहे. पावसाळी ढग नसतील तर जून-जुलैच्या रात्री दक्षिणेकडे मुलीला तो तारा अवश्य दाखवावा. सबंध आकाशात ज्याचा आकार नावाप्रमाणे दिसतो असे समूह थोडे आहेत आणि हा त्यांतील सर्वांत देखणा आहे.

सह्याद्री_७१

माझी रास वृश्चिक, नक्षत्र अनुराधा. मी पुरुष आहे, म्हणून माझा अनुभव येथे नोंदवावासा वाटला. वडिलांच्या मृत्यूनंतर जमिनीचा एक दावा मी चौदा वर्षे चालवला आणि शेवटी जिंकला. आमच्या भावकीत सगळे अभिमानाने म्हणतात की वृश्चिकेचा माणूस आहे, धरले की सोडत नाही. माझ्या लग्नाच्या वेळी याच राशीबद्दल सासरच्यांनी ‘मुलगा जिद्दी असणार’ असे म्हटले होते. माझ्या चुलत बहिणीची रासही वृश्चिकच आहे, आणि ती तिच्या हक्कासाठी बोलू लागली तेव्हा याच भावकीने तिला खुनशी ठरवले. कृष्णाकाठ ताई, आपल्या मुलीच्या जागी मुलगा असता तर त्या आत्याबाईंनी पत्रिका परत पाठवली असती असे मला वाटत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मनोवेध ताईंच्या प्रश्नावर मी तीन दिवस विचार करत होते. उत्तर असे आहे की ते वाक्य तिने सहावीच्या बरेच आधी ऐकले होते, आणि माझ्याच तोंडून ऐकले होते. ती सात-आठ वर्षांची असताना धाकट्या भावाशी भांडून रुसून बसली की मी म्हणत असे, ‘विंचवाची रास ना, विसरायची नाही कधी.’ मला ते लाडाचे बोलणे वाटत होते.

काल रात्री मी तिला हे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की, त्या मैत्रिणीने आठवीत आणि नववीत दोनदा बोलण्याचा प्रयत्न केला होता आणि आपल्यालाही बोलायचे होते, परंतु आपण तशा नाहीच, आपण विसरत नसतो, असे तेव्हा वाटत राहिले. एवढ्या वर्षांत हे तिने मला प्रथमच सांगितले.

दुसऱ्या पंचांगाप्रमाणे पत्रिका करून घेण्याचा विषयही मी काढला. आधीच्या स्थळाच्या वेळी एकांनी मला तसे सुचवलेही होते. तिने स्पष्ट नकार दिला. जे घर माझ्याशी एकदाही न बोलता राशीवरून मला ओळखते, त्या घरासाठी मला रास बदलून घ्यायची नाही, असे ती म्हणाली. यापुढे पत्रिका मागितली तर ती द्यावी, परंतु आधी दोन्हीकडच्या माणसांनी भेटावे, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे.

पंचांगवाचक दादा, हरिणाचे तिला सांगितले. तिने ते कोष्टक पाहायला मागितले आहे.