आयईएमचा ट्रेबल टोचतोय, फिल्टर बदलू की केबल?

मुलुंड_स्लो

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. माझ्याकडे एक चायनीज आयईएम (कानात घालायचा इअरफोन) आहे, दोन हजारच्या आसपास घेतलेला, एकच डायनॅमिक ड्रायव्हर (आवाज काढणारा छोटा पडदा), ३२ ओहम, टू-पिन ०.७८ वाली निघणारी केबल. फोनला टाइप-सी डोंगल लावून ऐकतो, सकाळ-संध्याकाळ ट्रेनमध्ये आणि रात्री घरी. बेस मस्त आहे, गायकीपण पुढे येते, तक्रार एकाच गोष्टीची, वरचं टोक, म्हणजे ट्रेबल, फार टोचतं. तबल्याची चाट वाजली की दचकायला होतं आणि बाईच्या आवाजात 'स' 'श' आले की आपोआप हात व्हॉल्यूमच्या बटणावर जातो. मी जास्त करून शास्त्रीय आणि अभंग ऐकतो, त्यात तानपुऱ्याची जवारी ऐकू यायला हवी, म्हणजे ट्रेबल मारूनही टाकायचा नाहीये, फक्त ती धार कमी व्हायला हवी.

ईक्यू (ॲपमध्ये बेस-ट्रेबल कमीजास्त करणं) लाव असं सांगू नका प्लीज, कारण फोन, ऑफिसचा लॅपटॉप, घरचा टॅब, सगळीकडे हाच आयईएम लावतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं ॲप टाकून सेटिंग जुळवत बसायचा कंटाळा येतो. काहीतरी असं हवंय जे आयईएममध्येच बसेल आणि मग विसरून जाता येईल.

गेल्या आठवड्यात लॅमिंग्टन रोडला गेलो होतो, तिथे एका दुकानात सांगितलं की सिल्व्हर प्लेटेड केबल घ्या, साडेतीन हजार, ट्रेबल स्मूद होईल आणि स्टेज, म्हणजे आवाजाचा पसारा, पण मोठं होईल. म्हणजे आयईएमपेक्षा केबल महाग! ऑफिसातला एक मित्र म्हणतो केबल सोड, नॉझलची (ज्यावर रबरी टिप बसते त्या तोंडाची) जाळी बदल, शंभर-दोनशेत काम होतं. दोघंही एकदम ठाम होते त्यामुळे मी अडकलोय. कोणी दोन्ही करून बघितलंय का?

डॅम्पर_दादर

मित्रा तुझा ऑफिसवाला बरोबर सांगतोय. पण जाळीला हात लावायच्या आधी रबर बघ, म्हणजे सिलिकॉन टिप. टिप कानात नीट बसली नाही की सगळ्यात आधी बेस पळतो, आणि बेस पळाला की उरलेला ट्रेबल दुप्पट टोचतो. ट्रेनमध्ये तर हे जास्तच होतं कारण गाडीचा जो घुमणारा आवाज असतो तो खालच्या पट्टीतला, तो गाण्याचा बेस झाकून टाकतो, मग आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि वरचं टोक अजून वर जातं. डब्यात मिळालेल्या सगळ्या साइझ लावून बघ, डाव्या-उजव्या कानाला वेगळी साइझ लागली तरी चालते, बऱ्याच जणांना लागते. रुंद भोकाची टिप ट्रेबल जास्त सोडते, अरुंद भोकाची कमी, आणि फोमची टिप अजून कमी. टोचणं थोडंच असेल तर इथेच काम संपतं.

संपलं नाही तर मग फिल्टर. हे का चालतं ते सांगतो कारण कळलं की अंदाजाने कापाकापी होत नाही. ड्रायव्हरपासून कानाच्या पडद्यापर्यंत एक छोटी नळी तयार होते, नॉझल अधिक आपली कानाची नळी. प्रत्येक नळीला स्वतःचे ठरलेले सूर असतात जिथे ती जोरात घुमते, तेच आवाज मोजलेल्या ग्राफवर वरच्या पट्ट्यात शिखरं म्हणून दिसतात आणि तेच तुला 'स' मध्ये टोचतात. नॉझलच्या तोंडाशी बारीक जाळी किंवा कापड लावलं की हवेला तिथून घासून जावं लागतं आणि त्या शिखरांचा जोर मोडतो. बेसला काही होत नाही, कारण बंद कानात तेवढाच दाब तयार करायला खालच्या सुरांना हवा फारशी इकडून तिकडे हलवावी लागत नाही, वरच्या सुरांना लागते. म्हणून जाळी वरचं धरते आणि खालचं सोडते.

हे जुगाड नाहीये, कंपन्या हेच करतात. नोल्स कंपनीचे डॅम्पर येतात, आतमध्ये जाळी बसवलेल्या मुंगीएवढ्या धातूच्या नळ्या, रंगावरून ओळखायच्या, पांढरा ६८० अकूस्टिक ओहम (हवेला होणाऱ्या अडवणुकीचं माप), तपकिरी १०००, हिरवा १५००, लाल २२००, पुढे केशरी ३३०० आणि पिवळा ४७००. आकडा जेवढा मोठा तेवढी अडवणूक जास्त. एटिमोटिक कंपनीच्या ईआर४ आयईएममध्ये तर १९९१ पासून असा बदलता येणारा फिल्टर आहे. शूअर कंपनीच्या पहिल्या एसई८४६ आयईएमबरोबर तीन नॉझल इन्सर्ट यायचे, काळा वॉर्म, निळा बॅलन्स्ड, पांढरा ब्राइट, आणि एकाच आयईएममध्ये नुसता इन्सर्ट बदलला की फरक लगेच कळतो, कुठल्या ग्राफची गरज पडत नाही.

तुझ्यासाठी स्वस्तातला मार्ग: मेडिकलमधून मायक्रोपोर टेप आण, ती पांढरी कागदी. टिप काढ, नॉझलच्या जाळीवर टेपची बारीक पट्टी अशी लाव की अर्धी जाळी झाकेल आणि अर्धी उघडी राहील. ऐक. जास्त दबलं तर पट्टी अजून बारीक कर, कमी वाटलं तर रुंद कर. पूर्ण जाळी झाकलीस तर जवारी गेलीच म्हणून समज. दोन्ही बाजूंना मोजून सारखी लाव, नाहीतर गायक मधून सरकून एका कानाकडे जातो. आणि बॉडीवर जे टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं ना, त्यावर चुकूनसुद्धा टेप जाऊ देऊ नकोस. ते हवेचं भोक आहे. पुढचं बंद केलं तर बेस फुगतो, मागचं बंद केलं तर बेस आटतो.

गिरगावचा_कानसेन

दादा केबलला एकदम मोडीत काढू नका. माझ्याकडे मल्टि-ड्रायव्हर (एका कानात अनेक ड्रायव्हर असलेला) आयईएम आहे, त्याच्या मूळ केबलच्या जागी जाड तांब्याची लावली आणि आवाज बदलला, हे मी मनापासून सांगतोय. बेस थोडा आवरला आणि वर मोकळं वाटलं. घरी दुसऱ्या माणसाला न सांगता केबल बदलून ऐकवली तर त्यालाही फरक कळला.

आणि आवाज सोडला तरी केबल ही रोज अंगावर वागवायची गोष्ट आहे. मूळ केबलला शर्टाची कॉलर घासली की कानात खरखर येते, चालताना पावलांचा धपधप आवाज येतो, मऊ विणलेल्या केबलला हे जवळजवळ नाही. कानामागचा हूक कडक असेल तर तासाभराने कान दुखतो. जॅकपाशी वायर नेहमी तुटते, ट्रेनच्या गर्दीत कोणाच्या तरी बॅगेत अडकली की संपलं. निघणारी केबल असेल तर नवीन लावून मोकळं, नाहीतर चांगला ड्रायव्हर कचऱ्यात. ऑडिओ-टेक्निकाने एम५० हेडफोनचं एम५०एक्स केलं तेव्हा निघणारी केबल दिली, त्यानंतर स्टुडिओवाल्यांची केवढी सोय झाली बघा.

सोल्डर_सायन

कानसेन, तुम्हाला ऐकू आलं ते खरं असू शकतं, पण त्याचं कारण चांदी-तांबं नाही, रेझिस्टन्स (तारेचा विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) आहे, आणि मुलुंडवाल्याच्या केसमध्ये तेच कारण लागू होत नाही. आकडे टाकतो.

२६ गेजची तांब्याची तार मीटरला साधारण ०.१३ ओहम. सव्वा मीटरची केबल, जाणारी आणि येणारी मिळून अडीच मीटर धरा, म्हणजे ०.३३ ओहम. ३२ ओहमच्या आयईएमला त्याने ०.१ डेसिबलपेक्षा कमी फरक पडतो. चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहते हे खरं, पण पाच-सहा टक्केच, म्हणजे ०.३३ चं ०.३१ होईल, आणि सिल्व्हर प्लेटेडमध्ये तर आत बहुतेक तांबंच असतं, वर नुसता मुलामा. शिवाय एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचा इम्पिडन्स (आयईएमचा स्वतःचा अडथळा, तुझा तो ३२ ओहम) सगळ्या सुरांना बऱ्यापैकी सपाट असतो, त्यामुळे जो काही फरक पडेल तो सगळीकडे सारखा पडणार, म्हणजे नुसता व्हॉल्यूमचा. टोन बदलणार नाही. साडेतीन हजार देऊन 'स' तिथेच राहणार.

मल्टि-ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. तिथे क्रॉसओव्हरमुळे (सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटून देणारं सर्किट) इम्पिडन्स वर-खाली पळतो, समजा एका सुराला ८ ओहम आणि दुसऱ्याला ४०. वाटेत १ ओहम आला की ८ वाल्याचं एक डेसिबल जातं आणि ४० वाल्याचं पाव डेसिबलसुद्धा जात नाही. म्हणजे टोन सरकला. १० ओहम आला तर दोघांत पाच डेसिबलचा फरक. म्हणून पातळ, जुनी, हिरवी पडलेली केबल काढून जाड लावली तर असल्या आयईएममध्ये फरक पडू शकतो, आणि म्हणूनच डोंगलचा आउटपुट इम्पिडन्स आयईएमच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा असं म्हणतात.

हीच गोष्ट कंपन्या मुद्दाम वापरतात. ट्रुथइअर कंपनीच्या झीरो रेड आयईएमबरोबर १० ओहमचा छोटा अडॅप्टर येतो, लावला की बेस वाढतो. एटिमोटिकचं ईआर४पी २७ ओहमचं आणि ईआर४एस १०० ओहमचं, पी ला ७५ ओहमचा अडॅप्टर लावला की त्याचं एस होतं, आणि तिथे ट्रेबल वाढतो! म्हणजे रेझिस्टर टाकला की टोचणं कमी होईल असा नियम नाही, त्या आयईएमचा इम्पिडन्स कुठे चढतो कुठे उतरतो त्यावर सगळं आहे. तुझ्या सपाट ३२ ओहमवर रेझिस्टर टाकून फक्त आवाज लहान होईल.

कोणाला मल्टि-ड्रायव्हरवर करून बघायचं असेल तर ग्रँट रोड ईस्टला उतरून लॅमिंग्टनला पाव वॉटचे मेटल फिल्म रेझिस्टर काही रुपयांत मिळतात, रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. लेफ्ट आणि राइटच्या गरम (सिग्नलच्या) तारेत एकेक टाकायचा. सामायिक ग्राउंडमध्ये कधीच नाही, तिथे टाकला की लेफ्टचं राइटमध्ये उलटं होऊन मिसळतं आणि मधोमधचा गायक पातळ पडतो.

अजून एक, दुकानात ४.४ बॅलन्स्ड केबल (लेफ्ट-राइटची ग्राउंड वेगळी असलेली, ४.४ मिमी जॅकची) लावून ऐकवतील. बऱ्याच डोंगलमध्ये बॅलन्स्ड आउटपुटला व्होल्टेज दुप्पट असतं, म्हणजे ६ डेसिबल जास्त. मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो. व्हॉल्यूम जुळवून मग दोन्ही ऐका, आणि तरीही आवडली तर खुशाल घ्या.

गिरगावचा_कानसेन

हे पटलं. माझ्या जुन्या केबलचं मीटरवर मोजलं नव्हतं पण ती आतून पूर्ण हिरवी झाली होती एवढं नक्की. मात्र मऊ केबलची शिफारस मी मागे घेणार नाही, तीन-चारशेतही छान मिळतात.

मुलुंड_स्लो

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. टिप मोठी लावली, उजव्या कानाला एक साइझ वरची लागली, त्यानेच बराच फरक पडला, ट्रेनमध्ये व्हॉल्यूम कमी ठेवता येतोय. मग मायक्रोपोर. पूर्ण झाकून बघितलं, आवाज दाराआडून आल्यासारखा झाला. अर्धी जाळी उघडी ठेवली तर 'स' मऊ झाला पण झांजा जरा मागे गेल्या, मग पट्टी अजून बारीक केली, साधारण एक तृतीयांश जाळी झाकलीय आता. तानपुरा लावून शांतपणे ऐकलं, जवारी आहे, चाट वाजते पण दचकायला होत नाही. मला हेच हवं होतं.

कानसेनदादांचं ऐकून साडेतीनशेची विणलेली केबल पण मागवली, मऊ आहे, खरखर गेली. पण एक शंका. या केबलच्या पिनवर कुठलीच खूण नाही, लाल ठिपका नाही, कशीही लागते. सरळ कोणती ते कसं ओळखायचं? आणि टेप किती दिवस टिकते?

सोल्डर_सायन

दोन्ही बाजू एकमेकांच्या उलट लागल्या तर एका कानात पडदा पुढे येताना दुसऱ्यात मागे जातो. गायक डोक्याच्या मध्यभागी उभा न राहता दोन्हीकडे पसरतो, बेस पोकळ होतो. फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये मोनो ऑडिओ चालू कर, एकट्या माणसाचं बोलणं लाव, बातम्या चालतील. आवाज बरोबर मधोमध एका ठिपक्यातून यायला हवा. येत नसेल तर फक्त एका बाजूची पिन काढ, उलटी कर, परत लाव. मधोमध आला की दोन्ही प्लगवर बाहेरच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका दे, म्हणजे पुढच्या वेळी शोधावं लागणार नाही. पिन काढताना प्लगला धरून सरळ ओढ, वायरला धरून किंवा वाकडी करून नको, सॉकेट सैल झालं की मग बाजू मध्येच बंद पडायला लागते.

डॅम्पर_दादर

टेपचं मुंबईत काही खरं नाही, त्यातून पावसाळ्यात घाम आणि दमट हवा दोन्ही. कागद ओला झाला की भोकं बुजतात आणि ट्रेबल अजून दबतो. एक बाजू दुसरीपेक्षा बारीक वाटायला लागली की दोन्हीकडची टेप एकदम बदल. त्याआधी टिप काढून जाळीवर मळ बसलाय का ते बघ, एक बाजू कमी ऐकू येण्याचं कारण बहुतेक वेळा तोच असतो. सुक्या मऊ ब्रशने, नॉझलचं तोंड खाली धरून झटक, म्हणजे कचरा आत जाणार नाही. रात्री डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेव. आणि एकदा पट्टीचं माप पक्कं झालं की चिकटणारी तयार फिल्टर जाळी ऑनलाइन मिळते, नॉझलचा व्यास मोजून मागव, कापड लावलेली घे. ती घामाला कागदापेक्षा बरी टिकते.