प्रत्यारोपणानंतर मुलीला जुलाब : आतड्याची तपासणी इंदुरात करावी की मुंबईत?

रामबागकर
नमस्कार. माझ्या सहा वर्षांच्या मुलीचे थॅलेसेमियासाठी मुंबईत मूळपेशी प्रत्यारोपण झाले असून आज 74 वा दिवस आहे. चार दिवसांपासून तिला हिरवट, पाण्यासारखे जुलाब होत आहेत. भावाने दिलेल्या पेशी तिच्या आतड्यावर उलटल्या असाव्यात, म्हणजे जीव्हीएचडी, किंवा विषाणूचा संसर्ग असावा, असे तिकडच्या डॉक्टरांचे मत आहे; दुर्बिणीने तुकडा काढल्याशिवाय निश्चित सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. हाताशी जेमतेम 30 हजार रुपये आहेत. कृपया सल्ला द्यावा.

वडोदऱ्याची मावशी
दादा, आजच विमानाने मुंबई गाठा आणि वरची (तोंडावाटे), खालची (गुदद्वारावाटे) अशा दोन्ही दुर्बिणी व सीटी एकदमच करून घ्या. माझ्या भाचीच्या वेळी आम्ही खर्चाचा विचार केला नाही. तिच्या रक्तात सीएमव्ही विषाणू सापडला नव्हता, मात्र आतड्याच्या तुकड्यात तो निघाला. केवळ रक्ताच्या अहवालावर विसंबू नका.

ग्वाल्हेरचा बाबा
आमच्या मुलाला एका रुग्णालयात केवळ अंदाजाने पाच दिवस स्टेरॉइड दिले आणि नंतर विष्ठेत ॲडिनोव्हायरस हा विषाणू सापडला. जीव्हीएचडीवर पहिले औषध स्टेरॉइडच असते, पण संसर्ग असेल तर त्यानेच तो बळावतो. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. आधी विष्ठेची तपासणी पूर्ण करा, दुर्बीण नंतर पाहता येईल.

सुदामानगरची आजी
नर्मदेचे पाणी उकळून द्या आणि घरचे ताजे दही खाऊ घाला. माझ्या नातवंडांचे पोट त्यानेच बरे झाले.

ग्वाल्हेरचा बाबा
आजी, क्षमा असावी. या मुलांची प्रतिकारशक्ती इतकी क्षीण असते की दह्यातले जिवंत जंतूही रक्तात उतरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दही देऊ नये.

सुदामानगरची आजी
पाणी उकळण्याबद्दल तरी आपले दुमत नसावे.

परदेशीपुरा
विष्ठा मोजता का? आम्ही कमोडमध्ये प्लास्टिकचे भांडे बसवून स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करत असू. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. लघवी मिसळली की आकडा फसवा होतो, म्हणून तिला आधी वेगळी लघवी करायला बसवावे. मुलांमध्ये दर किलो वजनामागे दिवसाला 10 ते 20 मिलिलिटर ही आतड्याच्या जीव्हीएचडीची पहिली पायरी, 30 पर्यंत दुसरी आणि त्यापुढे तिसरी मानतात. जीव्हीएचडीची इतर लक्षणे म्हणून तळहात, तळपाय आणि कानांवर पुरळ आहे का, डोळे पिवळे आहेत का, तेही पाहा. सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधामुळे मॅग्नेशियमच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही जुलाब होतात. आमचे निम्मे कोडे तिथेच सुटले. मात्र मुंबईस जाणे मलाही योग्य वाटते.

वडोदऱ्याची मावशी
मी तर पहिल्यापासून मुंबईच म्हणते आहे. रक्तावर विसंबू नका, हे पुन्हा सांगते.

रामबागकर
सर्वांचे मनापासून आभार. काल दिवसभरात 410 ग्रॅम भरले. मुलीचे वजन 18 किलो, म्हणजे दर किलोमागे सुमारे 23. ही वही मुंबईच्या डॉक्टरांना दाखवली. मॅग्नेशियम चालू होतेच. ते त्यांनी तूर्त थांबवले आणि सायक्लोस्पोरिनची रक्तपातळी मागवली, पण एवढ्या जुलाबाचे कारण केवळ गोळ्या असतील असे त्यांना वाटत नाही. विष्ठेचा नमुना आजच गेला, परंतु अहवालासाठी ते थांबणार नाहीत.

मावशी, आपला आग्रह मायेपोटी आहे हे जाणतो, तरीही आम्ही प्रवास करणार नाही. मुंबईच्या डॉक्टरांच्या संमतीने इथल्या बालपोटविकारतज्ज्ञ उद्या सकाळी फक्त खालची, छोटी दुर्बीण करतील. लहान मुलांत वरच्या आतड्याचा तुकडा घेताना भिंतीत रक्त साकळण्याचा धोका असतो, आणि उलट्या नसल्यामुळे खालचे तुकडे पुरेसे ठरावेत, असे त्यांनी समजावले. रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, 38 हजार आहेत, म्हणून आधी किरणोत्सारित प्लेटलेट चढवून त्या 50 हजारांवर नेणार आहेत. मेणात बसवलेले तुकडे मुंबईच्या पॅथॉलॉजिस्टकडे जातील. ग्रंथींतल्या मरणाऱ्या पेशी (जीव्हीएचडीची खूण) आणि सीएमव्ही, दोन्ही तिथे पाहिले जाईल. प्लेटलेटसाठी भाऊजी आता रक्तपेढीत बसले आहेत.