सवाई की सभागृह: दोघांनी ऐकलेल्या मैफलींची तुलना कशी करावी?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जातो, एरवी सभागृहातल्या मैफली ऐकतो. कुठलं गाणं जास्त रंगलं यावर एकमत होत नाही. नेमकं काय ताडून पाहावं?

प्रतिसाद १: आधी जागा. मोठ्या मांडवात तुम्ही गळा नाही, स्पीकर ऐकता. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. रंगमंचावरच्या स्पीकरपासून 70 मीटरवर भारतीय बैठकीत बसलात, तर पडद्यावर तबल्याची थाप आधी दिसते आणि सुमारे 0.2 सेकंदाने ऐकू येते. सम (तालाची पहिली मात्रा) चुकली असं वाटतं, पण दोष कलाकाराचा नसतो. अशा वेळी डोळे मिटून ऐका.

प्रतिसाद २: तुलना सारख्याशी सारख्याची हवी. एका ठिकाणचा विलंबित (संथ लयीतला) एकताल आणि दुसरीकडची द्रुत (जलद) तीनतालातली बंदिश, यांत दुसरीच टाळ्या घेणार. विलंबिताची 12 मात्रांची दोन आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) घड्याळ लावून मोजा, लय लगेच कळते. तानपुराही ऐका: मारवा रागात पंचम वर्ज्य, म्हणजे तो स्वर लागतच नाही, म्हणून पहिली तार बहुधा निषादाला, मालकंस रागात मध्यमाला. उघड्यावर रात्री गारवा वाढला की धातूची तार आखडून चढते, दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं चामडं) उतरते. मध्येच हातोडी चालते ती यासाठीच. तो वेळ रसभंग म्हणून धरू नका, हे फार महत्त्वाचं.

प्रतिसाद ३: मध्यंतरात, एकमेकांशी बोलण्याआधी, दोघांनी वेगवेगळं लिहा: राग, ताल, आवडलेली जागा. बोलणं आधी झालं की एकाचं मत दुसऱ्याच्या कानात बसतं.