मदत हवी आहे: हा लगाम कुठला? (तातडीचे)

वैतागलेला_पुणेकर: माळा आवरताना एक लोखंडी लगाम सापडला. नेहमीचा नाही. बाजूंना उभ्या पट्ट्या, त्यांत खाचा. जुन्या बाजारातला एकजण रविवारी येतोय, दोन हजार देतो म्हणतो. फोटो चढत नाहीये. जाणकारांनी लवकर सांगा.

खोगीरभरती: तोंडात जाणारी दांडी सलग की मधे सांधा? खाचा किती? माप? 'नेहमीचा नाही' यावरून काय ओळखणार, कप्पाळ!

पेठेतला: पेशवेकालीन. शंभर टक्के. भीमथडी तट्टांना असलेच असायचे. भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन दाखवा.

खोगीरभरती: न बघताच शंभर टक्के?

वैतागलेला_पुणेकर: दांडी सलग, पाचेक इंच. पट्टीला वर डोळा, दांडीपाशी गोल कडं, खाली दोन खाचा. दांडी एका अंगाने गुळगुळीत, दुसऱ्या अंगाने खरबरीत. आता तरी सांगा.

सोनपावली: खरबरीत म्हणजे काटेरी लगाम! वरातीच्या घोड्यांना घालतात तो. १९६५च्या नियमांनी बंदी आहे त्यावर. विकलात तर पाप लागेल.

खोगीरभरती: ताई, काटेरी लगामाला खरोखरचे काटे असतात, घोड्याची जीभ फाटते त्याने. इथे नुसत्या रेघा आहेत, आणि गुळगुळीत अंग जिभेवर ठेवायची सोय आहे. हा लिव्हरपूल लगाम, गाडीच्या घोड्याचा. वाद्या कड्यात अडकवल्या की सौम्य लागतो. जितक्या खालच्या खाचेत घालाल तितकी हनुवटीखालची साखळी जास्त आवळते. घोडा हट्टी निघाला तर लगाम बदलायला नको, खाच बदलायची.

निळू७: गंज असेल तर रात्रभर रॉकेलात बुडवा, सकाळी तारेच्या घासणीने घासा.

खोगीरभरती: अजिबात घासू नका! आधी शिक्का बघा. बाणाची खूण असेल तर ब्रिटिश लष्कराचा माल.

निळू७: आम्ही चाळीस वर्षं घासतोय, काही बिघडलं नाही.

चिमणीची_आई: अवांतर: मुलगी आठ वर्षांची आहे, घोडेस्वारी शिकायचीय. कोथरूडजवळ कुठे?

पेठेतला: लिव्हरपूल वगैरे नंतर आलं. मूळ आपलंच.

वैतागलेला_पुणेकर: बाण नाही. आजोबांचा टांगा होता स्टेशनवर, पण त्याचा लगाम एवढा नक्षीदार कशाला असेल?

खोगीरभरती: टांगा होता?? अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं!

वैतागलेला_पुणेकर: घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून नाही लिहिलं.

खोगीरभरती: धन्य. रविवारच्या माणसाला नाही म्हणा. आजोबांची वस्तू आहे. ठेवायची नसेल तर आधी केळकर संग्रहालयात विचारा. आणि साखळी सोबत असू द्या, तिच्याशिवाय लगाम अर्धाच.

वैतागलेला_पुणेकर: चपट्या कड्यांची बारीकशी साखळी का? ती मागच्याच आठवड्यात भंगारवाल्याला दिली.