मदत हवी आहे: बालवाडीतल्या मुलांसाठी मैत्रीच्या गोष्टी

नमस्कार. ३ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी मैत्री या विषयावर गोष्टींचा अर्धा तास ठरवतेय. सलग एवढा वेळ कुणी बसणार नाही, म्हणून दोन छोट्या गोष्टी आणि मध्ये हातवाऱ्यांचं एक गाणं.

अडलंय ते गोष्टींपाशी. बहुतेक गोष्टींत शेवटी कुणीतरी शहाणपण शिकवतं, आणि या वयात ते डोक्यावरून जातं. त्यांच्या लेखी मित्र म्हणजे आत्ता माझ्याशी खेळतोय तो, उद्या दुसरा. तीन वर्षांची तर बरीचशी एकमेकांशी खेळतही नाहीत, नुसती शेजारी बसून आपापलं खेळतात. त्यामुळे मला अगदी छोटं भांडण हवंय: चेंडू एकच, हवा दोघांना. रुसवा, मग परत खेळ. पात्रं प्राणी असली तरी चालतील, पण ‘सॉरी म्हण बघू’ छापाची गोष्ट नको (ती मोठ्यांनाच आवडते).

हातात घालायच्या बाहुल्या कुणी वापरल्यात का? त्या दिसल्या की मुलं गोष्ट सोडून त्यांच्यावरच झेपावतात. मग काढायच्या कधी?

आणि एखादं मूल सगळ्यांसमोर ‘मला कुणीच मित्र नाही’ म्हणालं, तर तिथल्या तिथे काय बोलायचं? याचं उत्तर आधी द्या, बाकीचं सावकाश.