आईसाठी विणताय तर शालीपेक्षा बंडी बघा

आईसाठी थंडीत शाल विणू की स्वेटर, असं कुणी विचारलं तर मी सांगेन बिनबाह्यांची, पुढून उघडी बंडी विणा. शाल दिसते छान पण कामात सारखी खांद्यावरून घसरते आणि बाहीच्या स्वेटरमध्ये बांगड्या अडकतात. माझ्या आईचा खांदा आखडलाय, डोक्यातून घालायचं काही तिला जमतच नाही, म्हणून मागच्या थंडीत तिला बंडीच विणली, आता इथे साताऱ्यात डिसेंबरात पहाटे सडा घालायला ती त्यातच बाहेर पडते.

माप मात्र साडी नेसल्यावर वरूनच घ्या, छातीला ८-१० सेंमी जास्त धरा, नाहीतर पदराचा बोळा होतो आत. बटणं मोठी लावा, रुपयाच्या नाण्याएवढी, बारीक बटणं थंडीत बोटांनी लावता येत नाहीत. मध्यम जाडीच्या लोकरीला ४ मिमीच्या सुया बऱ्या पडतात, पण आधी १० सेंमीचा चौकोन विणून धुवून मगच टाके मोजा. खरी लोकर गरम पाण्यात आटते, आई मशीनला टाकणार असेल तर सरळ अ‍ॅक्रिलिक घ्या. आणि रंग तिलाच विचारा हो, सरप्राइजच्या नादात माझा पहिला स्वेटर दोन वर्षं कपाटात पडून होता.